राख आली म्हणजे नेमकी किती आली, तेवढं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची राख आपल्याकडे पोचली, तेव्हाच हे पत्र लिहायचं होतं, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं चिडून लिहिलं असतं. ते दोन दिवस आपल्या पेपरासकट सगळीकडे एकच, राखेचा ढग आला, राखेचा ढग आला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दुपारपर्यंत मास्क लावा, वाळत घातलेले कपडे आत घ्या, गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघा, पाऊस पडला तर भिजू नका, असलं सगळं येऊन गेलं, वर कुणीतरी जपानमधल्या कुठल्यातरी जुन्या स्फोटाचा फोटो लावून दिला. मी वाचल्या तेवढ्या बातम्यांमध्ये दोन गोष्टी एक तर नव्हत्या नाहीतर शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी होत्या. राख किती उंचीवर आहे आणि किती दाट आहे. बाकी सगळं होतं, एवढंच नव्हतं.

आता उंची का महत्त्वाची ते बघा. त्या स्फोटाचा लोट साधारण ४५ हजार फुटांपर्यंत गेला होता, म्हणजे १४ किलोमीटरच्या आसपास. तो तांबडा समुद्र, येमेन, ओमान, अरबी समुद्र करत गुजरात-राजस्थान-दिल्लीकडे आला आणि २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत चीनच्या दिशेने सरकला. एवढ्या उंचीवरून जाणाऱ्या राखेने डोंबिवलीत रस्त्यावर श्वास घेणाऱ्या माणसाला काही होत नाही, आपल्याकडे नाकात जाते ती धूळ रस्त्याची आणि बांधकामाची असते, तिला इथिओपिया लागत नाही. पण नेमक्या त्याच पट्ट्यात, ३० ते ४० हजार फुटांवर, गल्फला जाणारी सगळी विमानं असतात. म्हणून काही फ्लाइट रद्द झाल्या, काही वळवल्या, काही विमानं उतरल्यावर तपासली. ते घाबरणं नव्हतं, ती नोकरी होती त्या लोकांची.

आणि हे कुणी सांगितलं तर फ्रान्समधल्या तुलूजच्या केंद्राने. जगात ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवणारी अशी नऊ केंद्रं आहेत, लंडन, तुलूज, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रियल, टोकियो, डार्विन, वेलिंग्टन आणि ब्युनोस आयरिस. प्रत्येकाचा हद्दीचा तुकडा ठरलेला आहे. तुलूजने इशारा काढला, त्यावरून आपल्या हवामान खात्याच्या मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या ऑफिसांनी वैमानिकांसाठी सूचना काढल्या. सिस्टीम चालली, चांगली चालली, पण त्यातलं आपल्या वाचकापर्यंत काय पोचलं, तर 'ढग'.

मी काही शास्त्रज्ञ नाही. बरीच वर्षं मुंबई एअरपोर्टला कार्गोमध्ये होतो, आता रिटायर आहे. त्या लाइनीत ज्यांनी काढली त्यांना राख हा शब्द ऐकला की १९८२ ची ती गोष्ट आठवतेच. ब्रिटिश एअरवेजचं जंबो, लंडनहून निघून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत पुढे पर्थ आणि शेवटी ऑकलंडला जायचं होतं, २४ जूनच्या रात्री जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि ३७ हजार फुटांवर एकामागून एक चारही इंजिनं बंद. २४८ प्रवासी आणि १५ क्रू. विमान नुसतं तरंगत तरंगत खाली येत राहिलं, राखेच्या बाहेर आल्यावर इंजिनं पुन्हा लागली आणि जकार्ताला उतरलं, समोरची काच एवढी खरवडली होती की पायलटला धावपट्टी धड दिसत नव्हती. कारण साधं आहे. राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, ती दगडाची आणि काचेची बारीक पूड असते. साधारण ११०० डिग्रीला ती वितळते आणि जेट इंजिनाच्या आत त्याहून जास्त तापमान असतं. वितळलेली पूड पुढे जाऊन पात्यांवर बसते, तिथे परत घट्ट होते, हवेचा रस्ता बंद. आणि मुख्य म्हणजे विमानाच्या नाकातल्या रडारला ही कोरडी बारीक राख दिसतच नाही, ते रडार पावसाच्या थेंबांसाठी बनवलेलं. रात्री तर डोळ्यालाही दिसत नाही. म्हणजे जे काही बघायचं ते जमिनीवरून आणि सॅटेलाइटवरून दुसऱ्या कुणीतरी बघून पायलटला सांगायचं. सगळा खेळ या 'दुसऱ्या कुणीतरी'चा आहे आणि तो कसा चालतो हे बघायचं तर आइसलँड बघावं, कारण तिथे हे काम सगळ्यात अवघड आहे आणि तरी ते लोक ते उघड्यावर करतात.

आइसलँडमध्ये तीसेक जिवंत ज्वालामुखी-प्रणाली आहेत, देशाचा दहावा हिस्सा बर्फाखाली, आणि यातले मोठमोठे ज्वालामुखी नेमके त्या बर्फाच्या टोपीखाली बसलेले. (आपला सह्याद्री पण सगळा लाव्हाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गार झालेला, त्यामुळे ज्वालामुखी आपल्याला शाळेच्या भूगोलात भेटला तेवढाच.) एप्रिल २०१० मध्ये युरोपची विमानं बंद पडली ती आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीमुळे, ज्याचं नाव वाचताना टीव्हीवरच्या भल्याभल्यांची बोबडी वळली होती, त्यामुळे मी आता त्याला '२०१० वाला' म्हणतो. आकाराने तो फार मोठा नव्हता हो. २० मार्चला बाजूच्या उतारावर, जिथे बर्फ जवळपास नव्हता, तिथे आधी फुटला तेव्हा लोक सहलीला जाऊन लाव्हाचे फोटो काढत होते, जेवणाचे डबे घेऊन. तो १२ एप्रिलला थांबला. आणि १४ एप्रिलच्या पहाटे शिखरावर, सुमारे २०० मीटर बर्फाखाली, पुन्हा फुटला आणि सगळं चित्रच पालटलं.

फरक फक्त शिलारसाचा नव्हता, बर्फाचा पण होता. चुलीवर तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं की ती कशी तडकून बारीक बारीक होते, तसं हजार डिग्रीचा रस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याला भेटला की त्याचा भुगा होतो, एवढा बारीक की दिवसच्या दिवस हवेत राहतो. त्यात त्या आठवड्यात वरचा वारा आइसलँडकडून थेट ब्रिटन आणि युरोपकडे वाहत होता. बर्फ, रस आणि वारा, तिन्ही एकाच वेळी वाईट जुळले. १५ एप्रिलपासून सहा-सात दिवसांत सुमारे १ लाख फ्लाइट रद्द, सुमारे १ कोटी माणसं जिथे होती तिथे अडकली, केनियात गुलाब टाकून द्यावे लागले कारण युरोपला जायला विमान नाही. आमच्या शेडमध्ये हापूसच्या पेट्या होत्या, लंडन-फ्रँकफर्टच्या, आणि आंबा काय थांबत नाही, तो पिकतो. एक्सपोर्टवाल्यांचे फोनवर फोन, एकच प्रश्न, कधी चालू होणार, आणि आमच्याकडे उत्तर नाही, वरच्यांकडे नाही, त्यांच्या वरच्यांकडे पण नाही. वास त्या शेडमध्ये असा होता की काय सांगू. शेवटी बऱ्याच पेट्या इथेच विकल्या.

उत्तर नव्हतं त्याचं कारण हे की तोपर्यंतचा नियमच असा होता की राख असेल तर जायचं नाही. किती राख? हा प्रश्नच नव्हता. थोडी असो का जास्त असो, नकाशावर राखेचा रंग पडला की बंद. लंडनचं केंद्र कॉम्प्युटरवर राख कुठे कुठे जाईल याचं गणित मांडत होतं, ते गणित चांगलंच होतं, पण त्या गणिताला आत घालायला जो आकडा लागतो, ज्वालामुखीतून दर सेकंदाला किती माल वर जातोय, तो नीट माहीत नव्हता. तो आकडा थेट मोजता येत नाही, लोट किती उंच गेला त्यावरून काढतात. आणि इथे गंमत आहे, उंची दुप्पट म्हणजे माल दुप्पट नव्हे, सोळा-सतरा पट. म्हणजे उंची मोजताना थोडं इकडचं तिकडं झालं की पुढचा सगळा हिशोब कुठच्या कुठे जातो, आणि त्या हिशोबावर अख्ख्या खंडाची विमानं उभी.

ती उंची मोजायला २०१० मध्ये आइसलँडकडे कामाचं एकच हवामान रडार होतं, केफ्लाविक एअरपोर्टजवळ, ज्वालामुखीपासून दीडशेएक किलोमीटरवर. एवढ्या लांबून पृथ्वीच्या गोलाईमुळे खालचे अडीच-तीन किलोमीटर दिसतच नाहीत, लोट त्याच्या खाली असला तर रडारच्या लेखी तो नाहीच. कॅमेरे होते पण ढग आले की कॅमेरा आंधळा आणि आइसलँडमध्ये ढग नाहीत असे दिवस किती असतात. तेव्हा तिथल्या कोस्ट गार्डचं रडारवालं विमान वरून गेलं आणि त्याने ढगातून आरपार शिखराचा फोटो काढला, बर्फात पडलेली तीन विवरं, अगदी भुताच्या तोंडासारखी, दोन डोळे आणि आ वासलेलं तोंड. तो फोटो जगभर फिरला. लोकांनी तो भीतीदायक म्हणून शेअर केला, खरं तर त्या दिवसांतली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ती होती, कारण पहिल्यांदा कुणालातरी नक्की दिसलं की बर्फ कुठे फुटलाय.

मला सगळ्यात भारी वाटतं ते सॅटेलाइटचं. सॅटेलाइटला राख दिसते कशी तर इन्फ्रारेडच्या दोन जवळजवळच्या पट्ट्यांत बघायचं आणि एकातून दुसरा वजा करायचा. पाण्याचे ढग, बर्फाचे ढग यांची वजाबाकी एका बाजूला येते आणि राखेची उलट बाजूला, त्यामुळे नकाशावर राख वेगळी उठून दिसते. आता बर्फाखालचा ज्वालामुखी फुटला की काय होतं, टनावारी बर्फ वाफ होऊन राखेबरोबरच वर जातो, वर गार हवेत त्याचा पुन्हा बर्फ होतो आणि तो राखेच्या कणांवर बसतो. मग वजाबाकी एकमेकांना खाऊन टाकते, सॅटेलाइटला वाटतं साधा ढग आहे. म्हणजे बर्फ आधी राख जास्त बारीक करतो आणि मग वरून ती लपवतो पण. म्हणून तिथल्या लोकांनी एकाच यंत्रावर भरवसा ठेवणं सोडून दिलंय. खाली भूकंपमापकं, जमीन किती फुगली ते मिलिमीटरमध्ये सांगणारे जीपीएस, राखेच्या लोटात विजा कडाडतात त्या लांबून पकडणारी यंत्रणा, स्फोटाचा कानाला ऐकू न येणारा आवाज पकडणारे मायक्रोफोन, आणि नंतर पूर्वेकडे आणखी एक रडार आणि ट्रेलरवर नेता येतील अशी छोटी रडारं. शिवाय विमान पाठवून राख प्रत्यक्ष मोजणं, जे एप्रिल २०१० मध्ये जर्मनीने आणि ब्रिटनने घाईघाईत केलं.

त्यातून नियम बदलला. २० एप्रिलला ब्रिटनमध्ये, इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना बसवून, पहिल्यांदा मर्यादा ठरली, घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम राख. त्याच्या खाली असेल तर तपासणी वाढवून उडता येईल. पुढे पट्टे झाले, ०.२ ते २ कमी, २ ते ४ मध्यम, ४ च्या वर जास्त. बस, एवढंच. सहा दिवस जग बंद होतं ते या एका आकड्यासाठी असं म्हटलं तर माझ्यासारख्या कार्गोवाल्याला ते चूक वाटत नाही.

याची परीक्षा वर्षभरातच झाली. २१ मे २०११ ला ग्रिम्सव्होत्न फुटला, वात्नायोकुत्ल या युरोपातल्या अवाढव्य हिमटोपीच्या खालचा. लोट २० किलोमीटरच्या आसपास, '२०१० वाल्या'च्या दुप्पट उंच, आणि दुप्पट उंच म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे. पण रद्द झालेल्या फ्लाइट सुमारे ९००. कुठे १ लाख, कुठे ९००. आता यात सगळं श्रेय नियमाला देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही, राख जरा जाडसर होती, लवकर खाली बसली, स्फोटाचा जोर दोन-चार दिवसांत ओसरला, वारा पण वेगळा होता. तरीसुद्धा जुन्या नियमाने त्या वेळी काय झालं असतं ते विचारा कुणाही एअरलाइनवाल्याला.

बातमीच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २०१४ चं. विमानांसाठी ज्वालामुखीचा कलर कोड असतो, हिरवा, पिवळा, केशरी, लाल, आणि तो तिथल्या हवामान खात्याच्या साइटवर कुणालाही दिसतो, शेजारी प्रत्येक भूकंपाचा ठिपका, दीड रिश्टरचा सुद्धा. ऑगस्ट २०१४ मध्ये आइसलँडच्याच बार्दरबुंगा या बर्फाखालच्या ज्वालामुखीत हजारो भूकंप सुरू झाले, शिलारस बर्फाखालून आडवा सरकत चालला होता, हे ठिपक्यांवरून घरी बसून कुणालाही दिसत होतं. २३ ऑगस्टला त्यांना वाटलं की बर्फाखाली स्फोट झाला, कोड लाल केला. विमानाने वर जाऊन बघितलं, बर्फ फुटल्याची काही खूण नाही. दुसऱ्या दिवशी कोड केशरी केला आणि तसं सरळ सांगितलं. आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं मला सांगा, एकतर लाल केलाच नसता, नाहीतर एकदा केला की महिनाभर खाली घेतला नसता कारण मग चुकलो असं दिसतं. आणि गंमत बघा, रस शेवटी ४५ किलोमीटरच्या आसपास सरकून बर्फाच्या बाहेर होलुह्रोइनच्या मैदानात वर आला, म्हणून राख जवळपास नाहीच, नुसता लाव्हा, सहा महिने, ८५ चौरस किलोमीटर. तोच बर्फाच्या आत फुटला असता तर परत २०१०. कुठे फुटतोय यावर सगळं, आणि ते सांगणारे कोण तर ते ठिपके.

राखेबद्दल बोलताना पाण्याचं राहून जातं म्हणून तेही लिहितो, कारण विमानवाल्यांना राख दिसते पण पायथ्याच्या गावाला आधी पाणी येतं. '२०१० वाल्या'च्या वेळी रात्रीत सुमारे ८०० लोकांना घराबाहेर काढलं होतं, भूकंपांची माळ लागली तेव्हाच, राख दिसायच्या आधी. मार्कारफ्ल्योत नदीवरचा पूल वाचवायला त्यांनी जेसीबीसारखं मशीन लावून हायवे स्वतःच खोदून तोडला, म्हणजे पूर रस्त्यावरून जाईल आणि पूल राहील, आणि तो राहिला. नद्यांवर नुसती पातळी नाही तर पाण्याची विद्युतवाहकता पण मोजतात, ज्वालामुखीखालचं क्षारांचं पाणी मिसळायला लागलं की ती वाढते आणि पूर यायच्या आधी कळतं. १९९६ चा किस्सा तर आपल्या सांगली-कोल्हापूरच्या वाचकांनी ऐकावाच. ३० सप्टेंबरला वात्नायोकुत्लखाली स्फोट सुरू झाला, वितळलेलं पाणी बर्फाखालच्या तळ्यात पाच आठवडे साठत राहिलं, शास्त्रज्ञ रोज सांगत होते येणार, येणार, आणि ५ नोव्हेंबरला ते बाहेर पडलं. दोनेक दिवसांत तीन घन किलोमीटरहून जास्त पाणी, म्हणजे १०५ टीएमसीचं आपलं कोयना काठोकाठ भरलेलं असेल त्याच्यापेक्षा जास्त. सगळ्यात जोरात असताना सेकंदाला ४५ हजार घनमीटर, म्हणजे १६ लाख क्युसेक. आपल्याकडे कोयनेतून लाखभर क्युसेक सोडलं की कृष्णाकाठचा जीव टांगणीला लागतो, हे १६ लाख, बर्फाचे घराएवढे तुकडे घेऊन. पूल गेले, रस्ता गेला. माणूस एकही गेला नाही, रस्ता आधीच बंद केलेला. काट्ला नावाचा मोठा ज्वालामुखी १९१८ नंतर मोठा फुटलेला नाही, त्याच्यावर काही ठिकाणी ७०० मीटर जाड बर्फ आहे, आणि पायथ्याच्या वीक गावाने फोनवर मेसेज आला की टेकडीवरच्या चर्चकडे जायचं याची प्रॅक्टिस करून ठेवली आहे.

याच्या उलटं उदाहरण एकच देतो. कोलंबियातला नेवादो देल रुइझ, १३ नोव्हेंबर १९८५, स्फोट तसा छोटाच होता. वरच्या बर्फाचा थोडासा भाग वितळला, त्या पाण्याबरोबर चिखल-दगड दरीतून उतरले आणि अडीच तासांनी सत्तरेक किलोमीटर लांबच्या आर्मेरो गावावर आले. २३ हजार माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, त्यात आर्मेरो दाखवलेलं होतं. त्या संध्याकाळी लोकांना शांत रहा, घरात थांबा असं सांगितलं गेलं. म्हणजे मोजणारे होते, मोजलेलं होतं, मधला निरोप मेला. तो निरोप म्हणजे रेडिओ, सरकारी ऑफिस, आणि राग मानू नका, पेपर.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. अंदमानात बॅरन बेट आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये ते दोनदा थोडं फुटलं, इंडोनेशियात तर दर महिन्याला कुठे ना कुठे चालूच असतं, इथिओपिया झालाच, आणि आइसलँडमध्ये काट्ला किंवा हेक्ला, जो २००० साली पहिल्या बारीक भूकंपानंतर तास-सव्वा तासात फुटला होता, कधीही उठू शकतो आणि मुंबई-लंडन फ्लाइटमध्ये आपल्यातले किती असतात ते मी सांगायला नको. म्हणजे राखेची बातमी तुम्हाला परत छापायची आहेच. तेव्हा बातमीच्या वरच्या चार ओळीत एवढं टाका, राख किती हजार फुटांपासून किती हजार फुटांपर्यंत, दाट का विरळ, कुठल्या केंद्राने सांगितलं, आणि किती वाजता सांगितलं. शेवटचं विसरू नका, कारण ही सूचना दर सहा तासांनी नवी निघते आणि सकाळच्या पेपरात आलेली आदल्या रात्रीची असते, तिच्यावरून कुणी आईला घेऊन एअरपोर्टला जाऊन बसू नये. जमिनीवर पडणार नसेल तर तसं हेडिंगमध्येच लिहा, सोसायटीचे ग्रुप तेवढेच गप्प बसतील. आणि प्रमाण माहीत नसेल तर 'अजून मोजलेलं नाही' असं छापा, त्यात काही कमीपणा नाही, लंडनच्या केंद्रालाही २०१० मध्ये ते माहीत नव्हतं.

हवामान खात्यालाही आपल्या मार्फत एक विनंती, वैमानिकांसाठी जी सूचना निघते ती सगळी कोडच्या भाषेत असते, तिच्याखाली दोन ओळी मराठीत आणि हिंदीत टाकायला कितीसा वेळ लागतो. चक्रीवादळाच्या वेळी मच्छीमारांसाठी मराठीत सांगताच ना, मग गल्फला निघालेल्या रत्नागिरीच्या पोराला का नाही. त्याला कंपनीत हजर व्हायची तारीख असते, त्याला 'ढग' हा शब्द कळून उपयोग नाही, त्याला फ्लाइट उद्या जाणार का ते कळायला हवं, आणि ते नक्की सांगता येत नसेल तर निदान का सांगता येत नाही ते.

पत्र लांबलं याची कल्पना आहे, कापूनच छापाल. कापताना हापूसचं कापा, आमच्या सोसायटीचं कापा, आकडे तेवढे ठेवा.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)